वॉशिंग्टनला येऊन डिप्लोमॅट होता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : पुण्यात राज्यशास्त्रात एम.ए. झालंय, वय २६, आणि वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय संबंधांत दोन वर्षांचं मास्टर्स करून डिप्लोमॅट किंवा परराष्ट्र धोरणाचे अभ्यासक व्हायचंय. मी बरीच वर्षं इथे मेरीलँडला आहे आणि याच क्षेत्राच्या काठाकाठाने नोकरी करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

डिप्लोमॅटच व्हायचं असेल तर येऊ नका. अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेला अमेरिकी नागरिकत्व लागतं. भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग किती लांबलीय हे इथल्या कुठल्याही गणेशोत्सवात चार जणांना विचारा. कार्डानंतर नागरिकत्वाला साधारण आणखी ५ वर्षं. ते घेतलं की भारताचं नागरिकत्व संपतं, आणि ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड) आयएफएस, म्हणजे भारतीय परराष्ट्र सेवेतला अधिकारी, होता येत नाही. आपल्या दूतावासात स्थानिक भरती होते खरी, पण ती सहायकाची नोकरी. तिथून बढती घेत कुणी राजदूत होत नाही. आयएफएसची वाट यूपीएससीतून जाते; तिला खुल्या गटात वयोमर्यादा ३२, प्रयत्न सहा, आणि परीक्षा द्यायला भारतातच जावं लागतं. मास्टर्सची दोन वर्षं यातूनच वजा होणार.

अभ्यासक व्हायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण सोपी नाही. शिक्षण झाल्यावर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीवर, एक वर्ष काम करता येतं. स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) पदव्यांना आणखी २४ महिने मिळतात; आंतरराष्ट्रीय संबंधांची पदवी बहुतेक ठिकाणी त्यात धरत नाहीत. त्यामुळे प्रवेश घेण्याआधी विद्यापीठाला हे लेखी विचारा, ब्रोशरवर विसंबू नका. ना-नफा संशोधन संस्थांना एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी लागू नसते ही जमेची बाजू. मात्र सुरुवातीची रिसर्च असिस्टंटची पदं मोजकी, पगार बेताचा, आणि दोन वर्षांचा खर्च लाख डॉलरच्या पुढे सहज जातो.

शिवाय इथे एक मेख आहे, ती कुठलाही एजंट सांगणार नाही. वॉशिंग्टनमध्ये अभ्यासकाच्या शब्दाला वजन येतं ते सरकारात काम केल्यावर. प्रशासन बदललं की थिंक टँकमधली (धोरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्थांतली) माणसं परराष्ट्र खात्यात जातात, चार वर्षांनी परत येतात. आपल्याला, व्हिसावर, तो दरवाजाच नाही.

आता विजय गोखल्यांचं बघा. १९८१ची आयएफएस, चिनी भाषा, बीजिंगला राजदूत, २०१८ ते २०२० परराष्ट्र सचिव, आणि निवृत्तीनंतर चीनवर लेखन. आज ते चीनवर बोलतात तेव्हा लोक कान देतात ते त्या नोकरीमुळे. ज्ञानेश्वर मुळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुल लाटचे. तेही याच वाटेने न्यूयॉर्कला कॉन्सुल जनरल म्हणून आले.

संयुक्त राष्ट्रांचा यंग प्रोफेशनल्स प्रोग्रॅम आहे, वय ३२पर्यंत, पण त्या वर्षीच्या यादीत भारत असेल तरच. दरवर्षी यादी बघत राहा.

यूपीएससी एकदा तरी दिलीय का, आणि कर्ज किती काढावं लागेल, एवढं कळवा. मग विद्यापीठांचं बोलू.