ते फेमस वाक्य पहिल्याच तासाला नको

अगं,

तुझा मेल वाचला. आल्डो लिओपोल्ड, तो निसर्गावर लिहिणारा अमेरिकन फॉरेस्टर, शिकवायला मिळतोय म्हणून तुला किती आनंद झालाय ते ओळीओळीत दिसतंय. पण सोबतचा प्लॅन उघडला तर पहिल्याच तासाला 'लँड एथिक', म्हणजे जमिनीशी आणि तिथल्या झाडाप्राण्यांशी नीतीने वागायचा त्याचा विचार, आणि ते फेमस वाक्य बोर्डवर: 'जीवसमुदायाची अखंडता, स्थैर्य आणि सौंदर्य टिकवतं ते योग्य, नाहीतर अयोग्य'! तेवढं नको करूस. मीही सुरुवातीची दोनतीन वर्षं हेच केलं आणि मुलांनी ती व्याख्या पेपरात जशीच्या तशी मला परत दिली, बाकी काही नाही.

तो स्वतः त्या वाक्यापर्यंत कसा पोचला ते आधी बघू दे त्यांना. १९०९ मध्ये नुकताच फॉरेस्टर म्हणून ॲरिझोनात गेलेला बावीस वर्षांचा पोरगा, लांडगा दिसला की गोळी घालायची, कारण लांडगे कमी म्हणजे हरणं जास्त असं सरळ गणित डोक्यात. मरणाऱ्या लांडगिणीच्या डोळ्यांतली ती हिरवी आग विझताना त्याने पाहिली, हे सगळेच शिकवतात, पण तो प्रसंग ज्यात येतो तो 'थिंकिंग लाइक अ माउंटन' हा लेख त्याने लिहिला १९४४ मध्ये! पस्तीस वर्षांनी. आणि मधली कितीतरी वर्षं तो लांडगे संपवायच्याच बाजूने बोलत होता. म्हणजे आग दिसली आणि माणूस बदलला, असं काही झालेलं नाही. बरं, लिहिलं तेही त्याचा जुना विद्यार्थी हॉकबाम पत्रांतून मागे लागला म्हणून, की लांडगे संपवण्यात तुमचाही हात होता ते कुठेतरी येऊ दे की. विद्यार्थी मास्तरांना सांगतोय! हे वर्गात सांगितलंस ना की मागच्या बाकावरचेही मान वर करतात.

त्यानंतर त्याचा ओकच्या झाडाचा लेख घे. वीज पडून मेलेलं झाड, करवत आत आत जाते आणि प्रत्येक वर्तुळाबरोबर एकेक वर्ष मागे, थेट १८६५ पर्यंत. वाटेत १८९९ लागतं, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं शेवटचं पॅसेंजर कबूतर (ही जातच आता नामशेष झालीय) गोळीला बळी पडलं ते वर्ष. 'कबूतरं वाचवायला हवी होती' असं तो म्हणत बसत नाही, करवत पुढे जाते. इथे थांब, एक अख्खा तास गेला तरी चालेल, आणि मग मुलांना एखादी ओळखीची जागा घेऊन असंच उलटं मागे जात लिहायला सांग.

तो आयुष्यभर शिकारी होता यावर कुणीतरी चिडणारच. चिडू दे. तू लगेच त्याची बाजू घेऊ नकोस, दोन मुलं भांडली तर तो तुझा बेस्ट तास समज.

रेचल कार्सन याच महिन्यात कोंबू नकोस. तिचं कीटकनाशकांवरचं १९६२ चं पुस्तक, 'सायलेंट स्प्रिंग', पुरावे मांडत जातं, त्याची चाल वेगळी, त्याला वेगळा वेळ दे. थोरोचं, त्या एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन लेखकाचं, मात्र एक घे: कुठलं फूल कधी फुललं याच्या त्याने ठेवलेल्या तारखा दीडशे वर्षांनी शास्त्रज्ञांनी आजच्याशी ताडून पाहिल्या आणि फुलं आता लवकर येतायत हे दिसलं. त्याला काय माहीत होतं कशाला उपयोग होईल! म्हणून मुलांना वही ठेवायला लाव. एकच झाड, रोज तीच जागा, तारीख, वेळ, काय दिसलं. पहिला महिना 'मला वाटलं' लिहायला बंदी, 'निसर्गाची किमया' वगैरे तर अजिबात नाही. पोरं वैतागतील, तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी येऊन सांगेल की पानाखाली अंडी आहेत, कुणाची असतील? तेव्हा उत्तर येत असलं तरी देऊ नकोस.

आणि हो, शेजाऱ्याच्या शेतातली आग विझवताना लिओपोल्ड १९४८ मध्ये गेला आणि हे लेख ज्यात आहेत ते 'अ सँड काउंटी अल्मनॅक' पुस्तक पुढच्या वर्षी आलं, हे अगदी शेवटी सांग. आधी सांगितलंस तर त्याचा संत होतो, मग त्याच्या चुका कुणी वाचत नाही.

पहिल्या आठवड्याच्या वह्या आल्या की तीनचार पानांचे फोटो पाठव. चांगली नकोत, फसलेली पाठव.