मफिनचं डोकं वर का येत नाही?

गेल्या अंकात संत्र्याच्या केकबद्दल जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. आणि गंमत म्हणजे केकबद्दल कोणी काहीच विचारलेलं नाही, सगळ्यांना बेकरीत मिळतात तसे मफिन हवेत, संत्र्याचे नाहीतर लिंबाचे. तर या महिन्यात फक्त मफिन.

ताई, माझ्या ऑफिसखालच्या कॅफेत ऑरेंज मफिन मिळतो, मस्त फुगलेला, वरून तडकलेला, टोपीसारखा कपाच्या बाहेर आलेला. घरी केला की चव ठीक असते पण वरून इडलीसारखा सपाट. १८० डिग्रीवर २५ मिनिटं ठेवते, कप अर्धे भरते, बेकिंग पावडर नवीन आहे. कुठे चुकतंय? (डोंबिवली)

अहो, उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. १८० डिग्री आणि अर्धे कप, या दोन गोष्टी केकच्या. मफिनला सुरुवातीला झणझणीत आच लागते, २२० डिग्री, पहिली सहा-सात मिनिटं. काय होतं की कडेचं पीठ आधी शिजून घट्ट होतं, मधलं अजून ओलं असतं, आणि आतला गॅस आणि वाफ जोरात वर यायला बघतात, कडेने वाट नाही म्हणून मधूनच उसळतात. तोच तो घुमट आणि तीच ती तडक. मग दार न उघडता बटण १८० वर आणायचं आणि पुढे तेरा ते पंधरा मिनिटं. आधीपासूनच १८० ठेवलं तर सगळं हळूहळू एकसारखं फुगतं आणि माथा सपाट राहतो. केकला तेच हवं असतं, आपल्याला नको.

आता ओटीजीचं, म्हणजे घरातल्या छोट्या विजेच्या ओव्हनचं, ऐका कारण निम्मा घोळ तिथे असतो. दिवा विझला म्हणजे तापला असं नाही, आतली हवा तापलेली असते पण भिंती थंडच, आणि दार उघडलं की हवा बाहेर. दोन्ही रॉड लावून चांगला वीस मिनिटं तापवा. लहान ओटीजीत वरचा रॉड मफिनच्या डोक्याला जवळजवळ टेकतो, म्हणून ट्रे आत गेला की वरचा बंद करा आणि शेवटी रंग आला नसेल तरच दोन-तीन मिनिटं चालू करा. दोन-चारशे रुपयांचा ओव्हन थर्मामीटर मिळतो तो आत टांगून बघा एकदा, माझा ओटीजी २२० सांगून १९५ देत होता आणि मी वर्षभर बेकिंग पावडरला शिव्या घातल्या.

कप काठोकाठ भरायचे. हो, अगदी काठापर्यंत. त्यासाठी पीठ घट्ट हवं, चमच्यातून धार पडता कामा नये, भज्यांच्या पिठाहून घट्ट, चमचा उलटा केला की गोळा जरा विचार करून पडला पाहिजे. पातळ पीठ काठापर्यंत भरलंत तर ट्रेवर पसरेल आणि मग मला पत्र येईल. पीठ कालवल्यावर अर्धा-एक तास फ्रीजमध्ये झाकून ठेवा, मैदा पाणी पितो आणि पीठ आपोआप आळतं. फक्त बेकिंग पावडरच्या डब्यावर डबल ॲक्शन लिहिलेलं बघून घ्या, तिचा बराचसा गॅस ओव्हनच्या आचेवर सुटतो म्हणून थांबायला परवडतं. आणि शक्य असेल तर एक खळगा सोडून एक भरा, शेजारी शेजारी भरले की टोप्या एकमेकींना चिकटतात, शिवाय गरम हवा मधून फिरत नाही.

माझं माप, सहा मोठे नाहीतर दहा मध्यम: मैदा २५० ग्रॅम, साखर १७५ ग्रॅम, बेकिंग पावडर २ टीस्पून, सोडा पाव टीस्पून, मीठ अर्धा टीस्पून, अंडी २, घट्ट दही १८० ग्रॅम, तेल ९० मिली, संत्र्याचा रस ६० मिली, दोन संत्र्यांची आणि एका लिंबाची किसलेली साल. कोरडं एकीकडे, ओलं एकीकडे, मग एकत्र करून दहा-बारा वेळा फक्त वरखाली करायचं. मैद्याच्या थोड्या गाठी दिसल्या तरी हात आवरा. फेटत बसलं की मैद्याला चिवटपणा येतो, मफिन रबरी होतो आणि कापल्यावर आत उभे बोगदे दिसतात.

मी पाऊण कप ताजा रस घालते तरी वासच येत नाही. मागच्या वेळी साल घातली तर कडू झाले, मुलांनी टाकून दिले. बाजारातले लोक इसेन्सच घालतात ना? (गिरगाव)

बरेच जण घालतात, खोटं कशाला बोलू. पण नागपूरची संत्री दारात येत असताना मला तरी ते पटत नाही.

रस म्हणजे जवळजवळ सगळं पाणी, थोडी साखर, थोडं आंबट. जो वास आपल्याला 'संत्रं' म्हणून कळतो तो सालीतल्या तेलात असतो. लहानपणी साल दुमडून मेणबत्तीवर पिळायचो आणि ठिणग्या उडायच्या, आठवतंय? तेच तेल. म्हणून रस वाढवून वास वाढत नाही, पीठ फक्त पातळ होतं आणि आंबटपणा जास्त झाला की सोड्याचा गॅस भांड्यातच उडून जातो. मफिन पांढुरका राहतो तोही त्यामुळेच, आंबट पिठाला रंग उशिरा चढतो.

कडवटपणा आला तो केशरी सालीखालच्या पांढऱ्या भागाचा. आणि आपल्या संत्र्याची साल सैल आणि पातळ, किसणीवर नीट बसत नाही, जरा जोर दिला की पांढरं आलंच. म्हणून सोलायच्या आधी अख्खं संत्रं किसायचं, बारीक किसणीवर, फळ फिरवत राहायचं, एका जागी दोनदा नाही. फळ कडक हवं, मऊ पडलेलं संत्रं हातात घेऊ नका. मोठी परदेशी संत्री आणलीत तर त्यांच्यावर बहुतेक वेळा मेण असतं, गरम पाण्याखाली ब्रशने घासून पुसून घ्या.

आता खरी गोष्ट. किसलेली साल साखरेत टाका आणि बोटांनी चोळा, दोन मिनिटं तरी. साखरेचे दाणे सालीला घासून तेल बाहेर काढतात. आधी काहीच होत नाही, मग साखर ओलसर होते, किनाऱ्यावरच्या वाळूसारखी मुठीत बसायला लागते, रंग फिका केशरी होतो आणि स्वयंपाकघरात असा वास सुटतो की बाहेरच्या खोलीतून कोणीतरी विचारतंच काय करतेयस म्हणून. ही पायरी गाळलीत तर बाकी कितीही करा, मजा येत नाही. पिठीसाखर नको, दाणेदारच हवी.

माझी एक फजिती सांगते. एकदा घाईत सोललेल्या फोडी बियांसकट मिक्सरला फिरवल्या, रस गाळून ठेवला आणि फोन आला, बोलणं लांबलं तासभर. तेव्हा गोड होता, मफिन झाले तर कडूजहर. नंतर कळलं की नागपुरी संत्र्याच्या रसाचं हे प्रसिद्ध दुखणं आहे, बिया आणि पापुद्रे चिरडले की त्यातला कडवटपणा लगेच कळत नाही, रस ठेवला की हळूहळू उतरतो. ज्यूसच्या कारखानदारांनाही हे त्रास देतं, आपण कोण. तेव्हा हाताने पिळा, बिया काढा आणि लगेच वापरा.

संत्र्याचे दोन बहार असतात, आंबियाची फळं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर येतात आणि मृगाची फेब्रुवारी ते एप्रिल. मधल्या काळात मोसंबी घ्या पण मोसंबीच्या सालीचा वास सौम्य, तिला लिंबाची जोड लागतेच.

व्हिडिओत दोन लेमन सांगतात. आपली दोन लिंबं घातली तर काहीच कळत नाही. (गोरेगाव)

कारण ते फळच वेगळं आहे. त्यांचा लेमन मोठा, पिवळा, जाड सालीचा. आपलं कागदी लिंबू म्हणजे त्यांच्या भाषेत लाइम, नावाप्रमाणेच साल कागदासारखी. त्यांच्या दोन लेमनच्या सालीसाठी आपली पाच-सहा लिंबं किसा, पिवळसर आणि टणक बघून, पण रस सगळ्यांचा घालू नका, तीन टेबलस्पून पुरे. उरलेल्याचं सरबत करा. आणि लिंबू दुधात पडून दूध फाटलं म्हणून घाबरू नका, मफिनला ते चालतं, उलट बरंच.

सासूबाई अंडं खात नाहीत. अंड्याऐवजी काय? आणि बेकिंग पावडर संपली तर इनो चालेल का? (वसई)

वरच्या मापातलं दही २५० ग्रॅम करा, सोडा अर्धा टीस्पून आणि बेकिंग पावडर दीड टीस्पून. रस ३० मिलीवर आणा नाहीतर पीठ पातळ होईल. टोपी अंड्याच्या मफिनइतकी उंच येणार नाही हे आधीच सांगते, पण मऊ होतात. सासूबाईंना मी सांगितलंय म्हणू नका.

इनो चालतं पण त्यात सोडा आणि सायट्रिक ॲसिड आधीच एकत्र असतं, ओलं लागलं की तिथल्या तिथे फसफसून मोकळं. म्हणजे पीठ फ्रीजमध्ये ठेवायचं वगैरे विसरा, ओव्हन तापलेला, कप तयार, शेवटी इनो, दोन हात फिरवून थेट आत. ढोकळ्याला करतो तसंच. रोजच्यासाठी मी सुचवणार नाही.

आमच्याकडे ओव्हन नाही. कुकरमध्ये होतील? (लालबाग)

होतील पण घुमट येणार नाही, कुकरमध्ये तेवढी कोरडी आच वरून मिळतच नाही. शिटी आणि रिंग काढा, तळाला मीठ, वर स्टँड, दहा मिनिटं तापवून मग मफिनच्या वाट्या, मंद-मध्यम आचेवर पस्तीस मिनिटं. चव तीच.

आमच्या लहानपणी दिवाळीत नानकटाईचे पत्रे डोक्यावर घेऊन गल्लीतल्या बेकरीत जायचो, भट्टीवाला नंबर लावून भाजून द्यायचा आणि आपले पत्रे दुसऱ्याच्या घरी जायचे नाहीत म्हणून आई नखाने खूण करायची. तुमच्या भागात अजून अशी बेकरी असेल तर विचारून बघा, पावाची घाई संपल्यावर भट्टी जरा उतरलेली असते तेव्हा.

दुसऱ्या दिवशी वरचा भाग चिकट होतो, कागदही सोडत नाही. (दादर)

मुंबईची हवा, दुसरं काय. वर साखर भुरभुरवली असेल तर जुलैत ती रात्रीत पाणी ओढते. पाच मिनिटांत मफिन साच्यातून काढून जाळीवर ठेवा, साच्यात राहिले की घाम येतो. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात नको, आणि डब्यात खाली-वर टिश्यू पेपर. खाताना १६० वर पाच मिनिटं गरम केले की टोपी पुन्हा कुरकुरीत होते, मायक्रोवेव्हमध्ये नाही होत. कागद गरम असताना ओढलात तर अर्धा मफिन त्यालाच चिकटून येणार, गार होऊ द्या. जास्त झाले तर एकेक गुंडाळून फ्रीझरमध्ये टाका, महिनाभर काही होत नाही, अर्थात घरात मुलं नसतील तर.