मुलगी म्हणते आज पण वाळूच सारखी केली

मागच्या अंकात जपानमधल्या सेंडाईच्या तोहोकु युनिव्हर्सिटीतल्या स्पेस रोबोटिक्स लॅबबद्दल लिहिलं होतं, प्रोफेसर काझुया योशिदांची लॅब, त्यावर बरीच पत्रं आली. आधीच सांगतो, मी त्या लॅबचा नाही. त्याच आओबायामाच्या टेकडीवर दुसऱ्या एका लॅबमध्ये पाच वर्षं काढली, कँटीन एक, बस एक, बर्फात आपटायचा उतार पण एकच, तेवढ्या ओळखीवर ही उत्तरं देतोय.

प्रश्न : माझी मुलगी ऑक्टोबरमध्ये जपानला अशाच एका लॅबमध्ये मास्टर्सला गेली. व्हिडिओ कॉलवर विचारलं आज काय केलंस तर म्हणते वाळू सारखी केली. परवा पण वाळूच. शेजारी विचारतात पोरगी रोबो बनवते ना, काय सांगू? रात्री अकरापर्यंत लॅबमध्येच असते, आणि भूकंपाची धास्ती वेगळीच. – एक आई, कराड

ताई, शेजाऱ्यांना बिनधास्त सांगा की ती वाळूच सारखी करते, कारण चंद्रावर जाणाऱ्या गाडीचं अर्धं दुखणं वाळूतच असतं. मोठ्या लांबट पेटीत वाळू भरायची, त्यात एकच चाक किंवा अख्खी गाडी चालवायची आणि मोजायचं की चाक किती रुतलं, किती घसरलं. समजा चाक फिरलं मीटरभर आणि गाडी पुढे गेली ४० सेंटीमीटर, म्हणजे ६० टक्के घसरण. आता हेच परत मोजायचं तर आधीचा माग राहून चालत नाही, कारण तिथली वाळू दबलेली असते, आपल्याकडे बैलगाडी चाकोरीत शिरली की कशी सरळ जाते तसं होतं आणि आकडा खोटा चांगला येतो. म्हणून प्रत्येक फेरीनंतर वाळू उकरायची, मोकळी करायची, परत सपाट करायची. पेटीला उतार दिला की पुन्हा तेच, चाकावरच्या पट्ट्यांची उंची बदलली की पुन्हा तेच. नासाची स्पिरिट गाडी २००९ मध्ये मंगळावर मऊ वाळूत रुतली ती कधी निघालीच नाही, तिथे धक्का मारायला कोण जाणार! त्यामुळे वाळू कंटाळवाणी असली तरी फालतू नाही.

आणि या कामाला दोन-तीन जण लागतात, एक पेटीशी, एक लॅपटॉपशी, एक कॅमेऱ्याशी. मैत्री होते ती तिथेच. जपानी लॅबमध्ये बी-फोर म्हणजे बीईच्या शेवटच्या वर्षाचं पोरगं, मग मास्टर्सच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे एम-वन, एम-टू, मग पीएचडीवाले, आणि वरचा तो सेनपाई. सोल्डरिंग कसं करायचं, कुठला स्क्रू कुठल्या डब्यात, सरांसमोर स्लाइड कशी दाखवायची, हे सगळं सेनपाईकडून शिकायचं, सरांकडून नाही. सर भेटतात आठवड्याच्या झेमीत, म्हणजे सेमिनारला, तिथे आपण काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं आणि प्रश्न झेलायचे.

रात्री अकराचं म्हणाल तर त्यातले काही तास कामाचे, काही उगाच. मी ज्या लॅबमध्ये होतो तिथे सेनपाई बसलाय म्हणून आपणही बसायचं असं चालायचं, मी पहिलं वर्ष नुसता युट्यूब बघत बसायचो, कोणी सांगितलं नव्हतं बस म्हणून, पण उठायची हिंमत पण नव्हती. सगळीकडे असं नसतं. तिला एवढंच विचारा की काम होतं म्हणून थांबलीस का सगळे थांबले म्हणून. दुसरं असेल तर 'ओत्सुकारेसामा देसु', म्हणजे कामावरून निघताना म्हणायचा निरोप, म्हणून खुशाल निघायचं, कोणी खात नाही.

भूकंप होतात, खोटं कशाला बोलू. ११ मार्च २०११ ला सेंडाई परिसराने काय भोगलं ते जगाने बघितलंय. पण त्यानंतर फुकुशिमाच्या अणुभट्टीत जिथे माणूस जाऊ शकत नव्हता तिथे जून २०११ मध्ये क्विन्स नावाचा पट्ट्यांवर चालणारा रोबो आत गेला, त्यामागे चिबाच्या इन्स्टिट्यूटबरोबर तोहोकुची माणसं होती, योशिदांच्या लॅबमधलीही. ऑक्टोबरमध्ये त्याची केबल तुटली आणि तो आतच राहिला. खडबडीत जमिनीवर गाडी चालवायची विद्या चंद्रासाठी जमवलेली घराशेजारी कामाला आली.

प्रश्न : मी नांदेडला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आयआयटी वगैरे नाही. अशा लॅबमध्ये चान्स आहे का? जपानी यावंच लागतं का?

चान्स आहे मित्रा. जपान सरकारची मेक्स्ट स्कॉलरशिप बघ, एक रस्ता दूतावासामार्फत, दुसरा युनिव्हर्सिटीच्या शिफारशीने. दोन्हीत शेवटी प्रोफेसरने हो म्हणणं महत्त्वाचं, आणि तिथेच आपली पोरं माती खातात, एकच ईमेल पन्नास जणांना, 'रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम पॅशनेट अबाउट स्पेस'. तसं करू नको. त्यांचा एक पेपर वाच, नीट वाच. योशिदांचं जुनं गाजलेलं काम घे, अंतराळात तरंगणाऱ्या यानाचा हात हलला की यान उलटं फिरतं, होडीत उभं राहून जाळं फेकलं की होडी मागे सरकते तसं, मग हात नेमका कसा हलवायचा याचं ते गणित आहे. याच कामाशी नातं असलेले प्रयोग जपानच्या ईटीएस-७ उपग्रहावर झाले, १९९७ ला सोडलेला, त्याचे दोन तुकडे ओरिहिमे आणि हिकोबोशी, जपानच्या तानाबाता सणाच्या गोष्टीतले वर्षातून एकदाच भेटणारे प्रेमी, आणि त्यांची पहिली जोडणी झाली पण ७ जुलै १९९८ ला, तानाबाताच्याच दिवशी! वाचलंस, दोन समीकरणं कॉम्प्युटरवर चालवून बघितलीस, मग लिही की इथे अडलो. असं ईमेल वेगळं दिसतं.

भाषेचं म्हणशील तर परदेशी विद्यार्थी बरेच असतात, लॅबचं काम इंग्रजीवर भागतं. पण वर्कशॉपमधले काका, दवाखाना, घराचं भाडं, हे इंग्रजीत होत नाही. जाण्याआधी सहा महिने तरी जपानी शिक.

प्रश्न : शाकाहारी माणसाचं तिथे कसं होतं? पार्टीला दारू घ्यावीच लागते का? – पुणे

दारू नाही घेतली तरी चालतं, उलाँग चहाचा ग्लास हातात धरायचा आणि 'कान्पाई', म्हणजे चिअर्स, म्हणायचं. शाकाहाराचं अवघड आहे, भाजीच्या सूपमध्येही दाशी, म्हणजे माशाचं पाणी, असतं. डिसेंबरात बोनेनकाई, म्हणजे सरत्या वर्षाची पार्टी असते, पण माझी आवडती इमोनिकाई, शरद ऋतूत नदीकाठी दगडांची चूल मांडून मोठ्या पातेल्यात अळकुड्यांचं कालवण. सेंडाईवाले त्यात मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट, आणि डुक्कर घालतात, शेजारचे यामागातावाले सोया सॉस आणि बीफ, आणि कोणाचं खरं यावर पुणेरी-कोल्हापुरी मिसळीसारखे तावातावाने भांडतात. मी वेगळं छोटं पातेलं नेऊन त्यात फक्त मिसो आणि अळकुड्या करायचो. दुसऱ्या वर्षी निम्मे लोक माझ्याच पातेल्याभोवती, मला चार अळकुड्या उरल्या!

प्रश्न : इतकी वर्षं खपून यान आपटतं तेव्हा ही मुलं खचत नाहीत का? – निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

सर, खचतात की. गूगलने खाजगी टीमसाठी चंद्रावर गाडी चालवायची स्पर्धा ठेवली होती, तिच्यासाठी योशिदांच्या लॅबच्या मदतीने जपानच्या हाकुतो टीमने सोरातो नावाची जेमतेम चार किलोची चंद्रगाडी केली, ती बेंगळुरूच्या टीमइंडसच्या लँडरमधून आपल्या पीएसएलव्हीवर जाणार होती. जानेवारी २०१८ मध्ये ते फिसकटलं, आणि गूगलची ती स्पर्धा कोणीच न जिंकता मार्चमध्ये संपली. तीच टीम चालवणाऱ्या आयस्पेस कंपनीचं लँडर एप्रिल २०२३ मध्ये चंद्रावर पडलं, का, तर विवराच्या कडेवरून जाताना उंचीचा आकडा एकदम बदलला आणि सॉफ्टवेअरने खरी मोजणीच चूक समजून बाजूला टाकली, जमीन आली समजून ते पाच किलोमीटर वरच थांबलं आणि इंधन संपलं.

पण मला याहून त्रासदायक वाटतं ते वेगळंच. एम-टूचा विद्यार्थी मार्चमध्ये पास होऊन गाडीच्या कंपनीत नोकरीला लागतो आणि त्याने केलेला भाग पाच वर्षांनी उडतो, काहीतरी बिघडतं, आणि ते निस्तरतं भलतंच कोणीतरी, त्याच्या वहीतलं अक्षर लावत. जपानच्या हायाबुसा-२ यानाबरोबर तोहोकुच्या पुढाकाराने काही विद्यापीठांनी मिळून केलेला छोटा रोव्हर गेला होता, र्‍युगु लघुग्रहावर उड्या मारायला. सोडायच्या आधीच तो बिघडला. तर ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याला तसाच सोडला, तो र्‍युगुभोवती फिरत फिरत पडला, आणि त्या फिरण्यावरून लघुग्रहाचं गुरुत्वाकर्षण मोजायचा उपयोग करून घेतला. आता चांद्रयान-५ मध्ये लँडर आपला आणि रोव्हर जपानचा, मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने मंजुरी दिलीय, म्हणजे वाळूच्या पेट्यांना पुन्हा काम.

प्रश्न : तिथे कॅम्पसवर अस्वलं येतात हे खरं का? – इयत्ता सातवी, सातारा

खरं. टेकडीवर अस्वल दिसलं की सावध राहायचं ईमेल येतं. मला पाच वर्षांत एकही दिसलं नाही, ईमेलं मात्र भरपूर.