रक्त तर वाहतं, मग त्याला ऊती का म्हणायचं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: माणसाच्या शरीरात ऊतींचे मुख्य प्रकार कोणते, आणि रक्त पातळ असूनही ते हाडाबरोबर संयोजी ऊतींत का मोडतं. मी शाळेत विज्ञान शिकवते. दुसरा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच, आणि तो विचारणारं मूल मला फार आवडतं, कारण त्याने व्याख्या नुसती पाठ केलेली नसते, ती ताडून पाहिलेली असते.

प्रकार चार: अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता. मिळून एक ठराविक काम करणारा पेशींचा समूह म्हणजे ऊती, असं आपण शिकतो. पण या व्याख्येत पेशींच्या मधली जागा राहून जाते. त्या जागेत काय भरलंय ते पाहिलं, की निदान पहिले दोन प्रकार पाठ करावे लागत नाहीत.

अभिस्तर ऊतीत मधे जवळजवळ काहीच नसतं. पेशी एकमेकींना खेटून बसलेल्या असतात, कारण त्यांचं काम झाकण्याचं. शाळेत सूक्ष्मदर्शक मिळत असेल तर स्वच्छ टूथपिकच्या बोथट टोकाने गालाच्या आतली बाजू हळूच खरवडा, काचपट्टीवर पसरा, मिथिलीन ब्लूचा एक थेंब टाका. चपट्या, वेड्यावाकड्या कडांच्या फिकट निळ्या पेशी आणि प्रत्येकीत गडद निळा ठिपका, म्हणजे केंद्रक, दिसेल. मी हे कितीतरी वेळा पाहिलंय, तरी आपल्याच गालाच्या पेशी पाहताना अजूनही अंगावर काटा येतो.

या ऊतीत रक्तवाहिन्या नसतात. पोषण खालच्या थरातून झिरपत येतं. म्हणून अगदी वरवरचं खरचटलं तर चुरचुरतं, पण रक्त येत नाही. रक्त दिसलं म्हणजे ओरखडा खालच्या संयोजी ऊतीपर्यंत पोचला. जागेप्रमाणे हिचं रूप बदलतं: फुप्फुसातल्या वायुकोशांत एकच पातळ थर, म्हणजे ऑक्सिजन पटकन पार व्हावा, त्वचेवर थरावर थर, म्हणजे झीज सोसावी, श्वासनलिकेत केसांसारखे बारीक रोम, जे धूळ अडकलेला चिकट द्राव घशाकडे ढकलत राहतात. लाळग्रंथी, घामाच्या ग्रंथी याही याच ऊतीच्या.

संयोजी ऊतीत सगळं उलटं. पेशी विरळ, आणि मधली जागा भरपूर. त्या जागेत आधारद्रव्य आणि तंतू असतात, आणि ऊतीचा स्वभाव ठरतो तो मुख्यतः या भरणीवरून. कोंबडीच्या पायाचं स्वच्छ केलेलं हाड व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा आणि दोन दिवसांनी व्हिनेगर बदला. चार-पाच दिवसांत ते रबरासारखं वाकायला लागतं. आम्लाने कॅल्शियमचे क्षार विरघळवले आणि मागे कोलॅजेनचे तंतू राहिले. हाडाचा कडकपणा क्षारांचा आणि चिवटपणा तंतूंचा, हे त्यानंतर कुणाला पुन्हा सांगावं लागत नाही.

ही भरण घट्ट पण लवचीक असेल तर ती कास्थी, म्हणजे कूर्चा. तंतू एका दिशेने दाटीवाटीने असतील तर स्नायूरज्जू किंवा अस्थिबंध. (या दोघांत गोंधळ होतो: रज्जू स्नायूला हाडाशी जोडतो, बंध हाडाला हाडाशी.) चरबी मात्र थोडी वेगळी, तिथे पेशीच तेलाच्या थेंबाने टम्म भरलेल्या असतात.

आणि भरण पातळ असेल तर ते रक्त. रक्तात आकारमानाने साधारण ५५ टक्के प्लाझ्मा असतो. तेच त्याचं आधारद्रव्य, आणि पेशी त्यात तरंगतात. मुलं लगेच विचारतात, मग तंतू कुठे आहेत? ते विरघळलेल्या रूपात असतात. प्लाझ्मात फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन असतं. जखम झाली की त्याचे फायब्रिनचे धागे बनतात, त्यांचं जाळं विणलं जातं आणि त्यात पेशी अडकून गुठळी होते. शिवाय हाड, कास्थी आणि रक्तपेशी यांचं मूळ मुख्यतः गर्भातल्या मध्यस्तराशी (गर्भाच्या सुरुवातीच्या तीन थरांपैकी मधल्या थराशी) पोचतं, आणि मोठेपणीही रक्तपेशी तयार होतात त्या हाडांतल्या मज्जेतच. हे नातं लक्षात घेतलं की रक्त त्या कुटुंबात उपरं वाटत नाही. एक फरक मात्र खरा आहे: हाडाची भरण हाडाच्याच पेशी तयार करतात, पण प्लाझ्मातली बहुतेक प्रथिनं यकृतात बनतात. रक्ताला ‘विशेष’ संयोजी ऊती म्हणतात, आणि मला ते रास्त वाटतं.

उरलेल्या दोन प्रकारांत मधल्या जागेपेक्षा पेशीचं अंगभूत कसब महत्त्वाचं. स्नायूपेशी आकुंचन पावते. हातापायांचे स्नायू पट्टेदार आणि आपल्या इच्छेने चालणारे; जठर, आतडी, रक्तवाहिन्या यांतले बिनपट्ट्यांचे आणि आपल्याला न विचारता चालणारे. हृदयाचा स्नायू पट्टेदार असूनही आपल्या इच्छेबाहेर. मिनिटाला ७२ ठोके धरले तर दिवसाला लाखाच्या वर होतात. त्याच्या पेशींना फाटे फुटलेले असतात आणि त्या टोकाला टोक जोडून बसतात, म्हणून सगळं हृदय एका लयीत आवळतं.

चेतापेशीचं काम संदेश नेण्याचं. कण्याच्या खालच्या भागातून निघून पायाच्या बोटापर्यंत जाणारा तिचा अक्षतंतू मोठ्या माणसात जवळपास एक मीटर लांब असतो. एका पेशीचा धागा, एवढा! तिला आधार देणाऱ्या, जपणाऱ्या सहपेशीही याच ऊतीत येतात.

आता हात कानाला लावा. बोटाला लागते ती त्वचा, तिचा वरचा थर अभिस्तर. कानाचा वरचा भाग दुमडून सोडा, तो झटकन सरळ होतो: ती लवचीक कास्थी. खालची पाळी मऊ राहते, कारण तिथे कास्थी नाही, चरबी आणि सैल संयोजी ऊती आहे. काही जणांना कान हलवता येतो, तो कानामागच्या छोट्या पट्टेदार स्नायूंमुळे. आणि पाळीला चिमटा काढलात तर जी कळ येते, ती नेणारी चेता ऊती.