टक्कर मारल्याबद्दल तेच १० सेकंद. मग एक जण रेस जिंकतो आणि दुसऱ्याची चॅम्पियनशिप जाते, हे कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीत विश्रामबागला तुम्ही सात-आठ जण रविवारी संध्याकाळी एकत्र फॉर्म्युला वनची (एफ वन) रेस बघता आणि २०२५ चा सीझन संपल्यापासून दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, सिल्व्हरस्टोन २०२१ ला हॅमिल्टननं मॅक्स व्हर्स्टॅपनला बॅरियरमध्ये घातलं, १० सेकंदांची पेनल्टी मिळाली आणि तरी रेस तोच जिंकला. बार्सिलोना २०२५ ला मॅक्सनं रसेलला नुसता धक्का दिला, त्यालाही १० सेकंदच, आणि त्यात त्याची चॅम्पियनशिप गेली. दुसरा तट म्हणतो, झालं ते बरोबर झालं. पैज भडंग आणि चहाची आहे.

माझ्या मते पैज बरोबरीत सोडा. दोन्ही वेळा चूक झाली होती आणि दोन्ही वेळा पेनल्टी द्यायलाच हवी होती. भांडायचंच असेल तर १० सेकंद या मापाशी भांडा, कारण गडबड तिथं आहे.

आधी बार्सिलोना. शेवटी शेवटी सेफ्टी कार (सगळ्यांना हळू चालवायला लावणारी गाडी) आली आणि सगळ्या गाड्या एकमेकींना चिकटल्या. मॅक्सकडे नवे टायर म्हणजे हार्डचा (कडक, पकड कमी) एकच सेट उरला होता, बाकीचे सॉफ्टवर (मऊ, पकड जास्त). संघानं रेडिओवर मॅक्सला सांगितलं, रसेलला जागा परत दे; पाचव्या वळणाआधी मॅक्स हळू झाला, मग पुन्हा गॅस दिला आणि रसेलला भिडला. १० सेकंद आणि लायसन्सवर ३ पेनल्टी पॉइंट. रस्त्यावर तो पाचवा होता. पण गाड्या चिकटलेल्या असल्यामुळे १० सेकंद मिळवल्यावर थेट दहावा. पाचव्याला १० गुण, दहाव्याला १. म्हणजे ९ गुण गेले, आणि वर्षाअखेर चॅम्पियन नॉरिस ४२३, मॅक्स ४२१. नॉरिस त्या दिवशी दुसरा आला होता, त्यामुळे त्याच्या गुणांना धक्का लागत नव्हता. कागदावर तुमच्या पहिल्या तटाचं गणित बरोबर आहे.

फक्त ते गणित असं मागे जाऊन करता येत नाही. सीझनच्या शेवटच्या रेसला, अबू धाबीला, नॉरिसला तिसरा नंबर पुरत होता, म्हणून तो तिसऱ्या नंबरासाठी चालवत होता. तो मागे असता तर ती रेसच वेगळी झाली असती. शिवाय ते ९ गुण स्टुअर्डांनी (रेसच्या पंचांनी) काढून घेतले असं म्हणण्यापेक्षा त्या एका धक्क्यात घालवले म्हणणं जास्त खरं. हे व्हायला नको होतं, असं दुसऱ्या दिवशी खुद्द मॅक्सनंच लिहिलं होतं.

आता सिल्व्हरस्टोन. पहिला लॅप, कॉप्स हे उजवं वळण, हॅमिल्टन आतल्या बाजूनं. त्याच्या गाडीचं पुढचं डावं चाक मॅक्सच्या मागच्या उजव्या चाकाला लागलं आणि मॅक्स ५१ जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या ५१ पट) झटक्यानं टायरच्या बॅरियरवर गेला. स्टुअर्डांच्या निर्णयाचा गाभा असा होता की आतल्या बाजूला जागा असूनही हॅमिल्टनची रेषा एपेक्सपर्यंत (वळणाच्या सगळ्यात आतल्या बिंदूपर्यंत) पोचलीच नाही, तो बाहेर सरकला. म्हणून दोष प्रामुख्यानं त्याचा. रेस लाल झेंड्यानं थांबली, तेवढ्यात त्याच्या गाडीची रिम बदलून झाली. हे नशीब, नाहीतर रेस तिथंच संपली असती. पुढं त्यानं १० सेकंद पिटमध्ये (टायर बदलायच्या थांब्यावर) भोगले आणि ५२ पैकी ५० व्या लॅपला लेक्लर्कला मागे टाकलं.

तिसरं उदाहरण तुमच्यापैकी कुणी काढलं नाही, ते ऑस्ट्रिया २०२४. मॅक्स आणि नॉरिस तिसऱ्या वळणाला एकमेकांना लागले, नॉरिसची रेस संपली, मॅक्सला १० सेकंद. मागच्या गाडीपेक्षा तो इतका पुढं होता की पाचवा तो पाचवाच राहिला. तेच १० सेकंद: एकदा शून्य जागा, एकदा पाच जागा, एकदा विजय. पेनल्टी किती महाग पडणार हे चुकीवर ठरत नाही. तुमची गाडी किती वेगवान, मागचा किती लांब आणि सेफ्टी कार कधी आली, यावर ठरतं.

ही पेनल्टी भोगायची कशी, यातही बऱ्याच जणांचा गोंधळ असतो. ५ किंवा १० सेकंदांची पेनल्टी असेल तर ड्रायव्हर पुढच्या पिट स्टॉपला आपल्या बॉक्समध्ये उभा राहतो आणि तेवढे सेकंद पूर्ण होईपर्यंत गाडीला कुणीही, कशानंही हात लावायचा नाही. साधा जॅकसुद्धा टेकवायचा नाही. जेद्दा २०२३ ला अलोन्सोच्या गाडीला मागचा जॅक आधीच टेकला, म्हणून आणखी १० सेकंद लागले आणि पोडियम (पहिल्या तिघांतली जागा) गेला. संघानं आधीच्या उदाहरणांचे व्हिडिओ दाखवल्यावर तो परत मिळाला. पिट स्टॉप उरलाच नसेल तर सेकंद शेवटच्या वेळेत मिळवतात. ड्राइव्ह-थ्रू आणि स्टॉप-अँड-गो वेगळे. तिथं मर्यादित वेगानं पूर्ण पिट लेनमधून जावं लागतं आणि त्या फेरीत टायर बदलता येत नाहीत. ड्राइव्ह-थ्रूला ट्रॅकप्रमाणे २० सेकंदांच्या आसपास जातात, स्टॉप-अँड-गोला बॉक्समध्ये थांबावंही लागतं म्हणून त्याहून जास्त, आणि लांबवता येत नाही: निर्णय कळल्यावर ट्रॅकवरून दोनदाच रेषा ओलांडायची मुभा.

ज्याची गाडी बंदच पडली त्याला सेकंद देऊन काय उपयोग? म्हणून त्याला पुढच्या रेसला ग्रिडवर (सुरुवातीच्या रांगेत) मागे ढकलतात. पण मॉन्झा २०२१ ला मॅक्सची गाडी हॅमिल्टनच्या डोक्यावर चढली, त्याला तीन जागांची पेनल्टी मिळाली, आणि पुढच्या सोची रेसला संघानं इंजिन बदलून त्याला तसंही सगळ्यात मागून सुरू करायला लावलं. तीन जागांचं ओझं त्यात विरून गेलं. तिथं तो दुसरा आला! त्यामुळे व्यवस्था मॅक्सच्या मुळावर उठली आहे हे काही पटत नाही. पारडं दोन्हीकडे झुकलेलं आहे.

दोष कसा ठरवतात ते आता. आपल्याकडच्या बैलगाडी मैदानात प्रत्येक गाडीची चाकोरी ठरलेली असते. दुसऱ्याच्या चाकोरीत घुसलात की गाडी बाद. एफ वनमध्ये चाकोरी आखलेली नाही. वळणावर कुणाचा हक्क, हे वळणाच्या आत, त्या क्षणी ठरतं. एफआयएनं (एफ वनची नियामक संस्था) याची मार्गदर्शक तत्त्वं जून २०२५ मध्ये सगळ्यांसाठी खुली केली, त्यामुळे आता अंदाजानं भांडायचं कारण नाही. आतून ओव्हरटेक करताना एपेक्सच्या आधी आणि एपेक्सला तुमचा पुढचा ॲक्सल (दोन पुढच्या चाकांना जोडणारी रेषा) निदान दुसऱ्याच्या आरशाच्या बरोबरीला हवा, गाडी ताब्यात हवी, उडी मारल्यासारखं घुसलेलं नको, आणि वळण ट्रॅकच्या हद्दीत पूर्ण करता आलं पाहिजे. बाहेरून जाताना अट कडक: एपेक्सला तुमचा पुढचा ॲक्सल दुसऱ्याच्या पुढच्या ॲक्सलच्या पुढं हवा. नसेल तर बाहेरच्याला जागा सोडायला आतला बांधील नाही. पहिल्या लॅपला गर्दीमुळे थोडी सूट मिळते. आणि दोष एकाचा पूर्ण किंवा प्रामुख्यानं आहे असं स्पष्ट दिसत नसेल तर पेनल्टीच नाही. यालाच समालोचक 'रेसिंग इन्सिडेंट' म्हणतात.

कोण दवाखान्यात गेला, गाडीचा किती चुराडा झाला, चॅम्पियनशिपवर काय परिणाम होईल, हे निर्णयात धरत नाहीत. तुमचा पहिला तट ५१ जी म्हणतो तेव्हा तो नेमकं हेच धरतो. राग समजतो, पण हाच नियम उलटा लावला तर धडक खाणाऱ्याची गाडी दणकट निघाली की मारणाऱ्याची चूक माफ, असं होईल.

या तत्त्वांत एक भोक मात्र आहे, आणि त्यावर जरूर वाद घाला. 'एपेक्सला पुढं असलेल्याचा हक्क' म्हटलं की आतला ड्रायव्हर काय करतो? ब्रेक उशिरा मारतो, एपेक्सला नाक पुढं काढतो, मग वळण घेताच येत नाही आणि दोघंही बाहेर. ऑस्टिन २०२४ ला बाराव्या वळणावर हेच झालं. नॉरिस बाहेरून गेला, मॅक्स एपेक्सला पुढं, दोन्ही गाड्या पांढऱ्या रेषेपलीकडे, आणि ट्रॅकबाहेरून पुढं गेल्याबद्दल ५ सेकंद बसले नॉरिसला. आठवड्यानं मेक्सिकोत मॅक्सनं तसाच खेळ एकाच लॅपमध्ये दोनदा केला, तेव्हा १० अधिक १० सेकंद मिळाले. माझ्या मते ऑस्टिनचा निर्णय तत्त्वाला धरून होता. चुकीचं होतं ते तत्त्व. बचाव करणाऱ्यालाही वळण हद्दीत पूर्ण करण्याची सक्ती तितक्याच कडकपणे लावली, तर निम्मी भांडणं मिटतील.

रविवारी पुन्हा वाद झाला तर क्लिप बघण्याची रीत सांगतो. टीव्हीवरचा लांबून घेतलेला शॉट वापरू नका. लांब लेन्समध्ये पुढचं-मागचं अंतर चेपलं जातं आणि मागची गाडी शेजारी आल्यासारखी वाटते. हेलिकॉप्टरचा शॉट असेल तर उत्तम, नाहीतर दोन्ही गाड्यांचे ऑनबोर्ड (गाडीवरच्या कॅमेऱ्याचे शॉट) घ्या. क्लिप धडकेच्या क्षणी थांबवू नका, एपेक्सला थांबवा. पुढच्या गाडीच्या ऑनबोर्डमध्ये आरशाच्या रेषेत दुसऱ्याचं पुढचं चाक दिसतं का बघा. मग दोघांचं स्टिअरिंग: वळण चालू असताना कुणी सरळ केलं का, ब्रेक लागल्यावर कुणी बाजू बदलली का. आणि फ्रेमचं भान ठेवा. कॉप्सला ताशी २९० च्या वेगात गाडी सेकंदाला ८० मीटर जाते. व्हिडिओ २५ फ्रेमचा असेल तर एका फ्रेममध्ये तीन मीटरहून जास्त, म्हणजे साडेपाच मीटरच्या गाडीच्या निम्म्याहून अधिक. तुमचे दोन तट एकाच क्लिपच्या दोन शेजारच्या फ्रेम दाखवून भांडत असण्याची शक्यता बरीच आहे. स्टुअर्डांकडे शिवाय टेलिमेट्री (गाडीतल्या सेन्सरच्या नोंदी) आणि जागा दाखवणारा डेटा असतो. स्लो मोशनमध्ये तर सगळंच मुद्दाम केल्यासारखं दिसतं, त्यावरून हेतू ठरवू नका.

मग माप कोणतं असावं? २०१४ ला ५ सेकंदांची पेनल्टी येण्याआधी टक्करीला सर्रास ड्राइव्ह-थ्रू मिळायचा. आपल्या बुद्ध सर्किटवर २०११ ला हॅमिल्टन-मासा भिडले तेव्हा मासाला तोच मिळाला होता. तोटा असा की किरकोळ घासाघाशीलाही रेस संपवणारी शिक्षा, म्हणून सेकंद आणले. आता सेकंद इतके स्वस्त झालेत की संघ ते आधीच हिशेबात धरतात. जेद्दा २०२४ ला मॅग्नुसननं १० सेकंदांच्या दोन पेनल्टी अंगावर घेतल्या आणि मागची रांग अडवून धरली. तेवढ्यात त्याचा साथीदार हल्केनबर्ग पुढं निघून पिट करून आला आणि एक गुण घेऊन गेला. मला मोटोजीपीची २०१९ पासूनची लाँग लॅप पेनल्टी जास्त पटते: ठरलेल्या वळणावर आखलेल्या लांबच्या रेषेनं जायचं, दोन-तीन सेकंद जातात, आणि जागा तिथंच, सगळ्यांसमोर जातात. मोठ्या चुकीला दोनदा जायला लावतात. एफ वनमध्ये सगळ्या ट्रॅकवर तेवढी रुंदी नाही, मोनॅकोला तर नाहीच. पण निदान ज्याची रेस संपवली तो घरी आणि संपवणारा पाचवा, अशा प्रसंगी ड्राइव्ह-थ्रू पुन्हा काढायला हरकत नाही.

पेनल्टी पॉइंट हा वेगळा हिशेब, तो विसरू नका. १२ महिन्यांत १२ झाले की एक रेस बंदी. २०१४ पासून ती वेळ पहिल्यांदा २०२४ ला आली, मॅग्नुसनवर: मॉन्झाला गॅस्लीला लागला आणि बाकूला घरी बसला. प्रत्येक पॉइंट बरोबर १२ महिन्यांनी गळतो. बार्सिलोनानंतर मॅक्सचे ११ झाले होते, आणि ऑस्ट्रिया २०२४ चे दोन गळेपर्यंत कॅनडा आणि ऑस्ट्रिया अशा दोन रेस त्याला जपून काढाव्या लागल्या.

शेवटचा मुद्दा तुमच्या 'अपील का केलं नाही' याचा. अशा वेळेच्या पेनल्टीवर अपील नसतं. फक्त पुनर्विचार मागता येतो, तोही नवा, महत्त्वाचा आणि निर्णयाच्या वेळी उपलब्ध नसलेला पुरावा असेल तरच. सिल्व्हरस्टोननंतर मॅक्सच्या रेड बुल संघानं ड्रायव्हर अल्बनला त्याच ट्रॅकवर हॅमिल्टनच्या रेषेनं गाडी चालवायला लावून पुरावा तयार केला. स्टुअर्डांनी तो फेटाळला: हा सापडलेला नाही, बनवलेला आहे. उलट झांडव्होर्ट २०२५ ला सेन्झ-लॉसन टक्करीत सेन्झच्या विल्यम्स संघानं तेव्हा हाती नसलेलं कॅमेऱ्याचं चित्रण दिलं, आणि सेन्झचे दोन पॉइंट काढून टाकले गेले. १० सेकंद मात्र तो रेसमध्येच भोगून बसला होता, त्याचं काही करता आलं नाही.