एका सर्व्हरवर चालते, दुसऱ्यावर अडते : शेल स्क्रिप्टविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीतील आमच्या कारखान्यात रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामे आपोआप सुरू करणारी सोय) चालणारी बॅकअपची स्क्रिप्ट रेडहॅट या लिनक्स प्रणालीवरून उबंटू या दुसऱ्या लिनक्स प्रणालीवर आणली. पहिल्या ओळीत बॅश या शेलचा (आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामचा) मार्ग दिलेला असूनही ‘[[: नॉट फाउंड’ असा संदेश येतो. असे का?

उत्तर : क्रॉनच्या नोंदीत स्क्रिप्टच्या नावाआधी ‘एसएच’ हे प्रणालीच्या नेहमीच्या शेलचे नाव लिहिलेले असणार. तसे असले की ‘#!’ने सुरू होणारी पहिली ओळ निव्वळ शेरा ठरते आणि फाइल थेट एसएचच्या हाती जाते. रेडहॅटवर एसएच म्हणजे बॅशच असल्याने ही गफलत झाकली गेली. उबंटूने मात्र २००६ मध्ये, ६.१० या आवृत्तीपासून, एसएचसाठी डॅश हे छोटे आणि वेगवान शेल घेतले व त्याला दुहेरी चौकटी कंस ठाऊक नाहीत. खरी काळजी निराळीच आहे. डॅश ‘[[’ या नावाची आज्ञा शोधतो, ती सापडली नाही की अट खोटी धरतो आणि स्क्रिप्ट न थांबता ‘एल्स’च्या, म्हणजे अट खोटी ठरल्यावरच्या, वाटेने पुढे जाते, त्या वाटेवर जुने बॅकअप पुसण्याची आज्ञा असेल, तर काय होईल ते सांगायला नको. नोंदीतील ‘एसएच’ काढून फाइलला चालवण्याची परवानगी द्यावी, हे उत्तम. एकेरी कंस आणि ‘==’ऐवजी ‘=’ वापरून स्क्रिप्ट पॉझिक्सच्या (युनिक्स घराण्यातील प्रणालींचे सामायिक मानक) नियमांत बसवता येते, आणि अशा जागा शेलचेक हे साधन दाखवूनही देते; पण नीट चाललेली स्क्रिप्ट त्यासाठी उसवावी, असे मला वाटत नाही.

प्रश्न : मिहानमधील आमच्या चमूत काहींकडे लिनक्स, तर काहींकडे मॅक आहे. फाइल जागच्या जागी बदलणारी ‘सेड -आय’ ही आज्ञा मॅकवर का फसते?

उत्तर : ‘-आय’ हा पर्याय पॉझिक्सने ठरवून दिलेला नसल्यामुळे जीएनयू (लिनक्सवरची साधने) आणि बीएसडी (युनिक्सची एक शाखा) यांनी तो आपापल्या परीने घडवला. मूळ फाइलची प्रत ठेवताना तिच्या नावाला जोडायचे शेपूट जीएनयूच्या सेडला दिले नाही तरी चालते; मॅकचा सेड बीएसडी घराण्यातला असून त्याला ते लागतेच. न दिल्यास तो तुमची बदलाची सूचनाच शेपूट म्हणून गिळतो आणि फाइलचे नाव सूचना समजून वाचू लागतो, म्हणून चूक भलतीकडेच दाखवली जाते. ‘-आय.बॅक’ असे मध्ये जागा न सोडता लिहावे. ते दोन्हीकडे चालते. मागे राहिलेली प्रत तेवढी पुसावी.

प्रश्न : ‘डेट’ या आज्ञेने कालची तारीख काढण्याची सगळीकडे चालणारी रीत आहे का?

उत्तर : नाही. उबंटू किंवा रेडहॅटवर त्यासाठी ‘-डी’ हा पर्याय, मॅक आणि फ्रीबीएसडीवर ‘-व्ही’. पॉझिक्सच्या डेटमध्ये तारखांची बेरीज-वजाबाकीच नाही. प्रणाली कोणती ते सांगणाऱ्या ‘युनेम’ या आज्ञेचे उत्तर पाहून स्क्रिप्टमध्ये दोन वाटा कराव्यात.