कोबॉट शेजारी येतोय, माझ्या कामाचं काय?

प्रश्न : मी मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सीएनसी लेथवर (संगणकावर चालणाऱ्या कातयंत्रावर) आहे. व्हॉल्व्हच्या बॉडी चकमध्ये (लेथच्या पकडीत) लावायच्या, सायकल संपली की काढायच्या, गेज लावून बघायच्या. दिवाळीनंतर माझ्या मशीनला कोबॉट, म्हणजे माणसाच्या शेजारी काम करणारा रोबॉटचा हात, बसतोय. शेठ म्हणतात, कुणाला काढणार नाही. माझं वय ४४, दहावी आणि आयटीआय झालंय. विश्वास ठेवू का?
– एक वाचक, मांजलपूर, बडोदे

उत्तर : शेठ खोटं बोलताहेत असं मी म्हणणार नाही. पण ‘काढणार नाही’ हे बहुतेक वेळा कायम कामगारांपुरतंच असतं. याच वसाहतीत टूलरूम सांभाळून मी निवृत्त झालो. नवं यंत्र आलं की नोटीस कुणालाच येत नाही. ठेकेदाराची माणसं कमी येऊ लागतात, रात्रपाळीला दोघांच्या जागी एकच उभा राहतो, निवृत्त झालेल्याची जागा भरत नाहीत. मला काळजी वाटते ती याची.

आता तुमचं. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात कोलगेट आणि पेश्किन यांनी १९९६ साली कोबॉटची कल्पना मांडली. डेन्मार्कच्या युनिव्हर्सल रोबॉट्सचा पहिला कोबॉट २००८ मध्ये विकला गेला. त्यांचा यूआर५ उचलतो ५ किलो, त्यातच ग्रिपरचं, म्हणजे पकडणाऱ्या पंजाचं, वजन आलं. लावणं-काढणं तो न थकता करेल. पण जबड्यात चिप (धातूची कात्रण) अडकून जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, तिरका बसला, कास्टिंगला ब्लो-होल (हवेचं भोक) निघालं, इन्सर्ट (कापणारं पातं) झिजून कापण्याचा आवाज बदलला, तर वेगळे सेन्सर लावल्याशिवाय त्याला पत्ता लागत नाही. तुमच्या कानाला लागतो.

म्हणून बसवायला इंजिनिअर येईल तेव्हा त्याच्या खांद्याला खांदा लावून उभे राहा. बटण दाबून कोबॉटचा हात धरून हव्या त्या जागी न्यायचा, तो पॉइंट सेव्ह करायचा. आयटीआयवाल्याला हे जड नाही. जॉब बदलला की ग्रिपरचे जबडे आणि पॉइंट पुन्हा बघावे लागतात. हे काम बाहेरच्या माणसाकडे गेलं, तर तुमच्याकडे फक्त ट्रे भरणं उरेल. आणि दोन मशीन सोपवली तर पगाराचं तेव्हाच बोला, नंतर कुणी बोलत नाही.

सुरक्षिततेचंही विचारा. कोबॉटचा हात धक्का लागून थांबतो, पण ग्रिपरमधला धारदार जॉब तेवढ्यात कापतो. अंगाच्या कुठल्या भागावर किती जोर चालेल, हे आयएसओ/टीएस १५०६६ या आंतरराष्ट्रीय मानकात २०१६ सालीच लिहिलंय. त्यानुसार धोक्याची तपासणी केली का, त्याचा कागद मागा, आणि तो हात डोक्याच्या उंचीवरून जाऊ देऊ नका.

शेजारी ठेकेदाराचा मुलगा लोडिंगला असेल तर त्यालाही पेंडंटपाशी (कोबॉट चालवायच्या हातातल्या पडद्यापाशी) बोलवा. हजेरीचे कागद जपून ठेव म्हणावं. वर्षात २४० दिवस भरले असतील, तर कमी करताना ठेकेदाराकडून पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराइतकी भरपाई मागता येते. हे त्याला बहुधा कुणी सांगितलेलं नसेल.